एप्रिलमध्ये सुरू केलेलं पोहणं दिवाळीनंतर का सुटतं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात पोहण्याबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा असं म्हटलं होतं, आणि पत्रं आली ती जवळजवळ सगळी एकाच गोष्टीवर. पोहायला येत नाही असं कुणीच लिहिलेलं नाही. येतंय, आवडतंय, पण वर्षभर टिकत नाही. म्हणून या वेळी जागा जरा जास्त घेतली आहे आणि पाच पत्रं निवडलीत, नावं नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न: ताई नमस्कार. मी ४३ वर्षांचा, राहायला कोथरूड, नोकरी हिंजवडीला आयटीत. दरवर्षी एप्रिलला टँकचा पास काढतो, सकाळी सहाची बॅच, मे-जूनपर्यंत एकदम रेग्युलर असतो, पावसात थोडं मागेपुढे होतं पण जातो, आणि मग नोव्हेंबर आला की एके दिवशी गजर बंद करून झोपतो आणि तिथेच संपतं. मग परत एप्रिल. खरं तर मला पोहायला मनापासून आवडतं, पाठही दुखायची थांबते, पण थंडीत मोटिव्हेशनच राहत नाही. ते कुठून आणायचं?

उत्तर: तुम्ही थंडीला दोष देताय पण मला वाटतं त्याच्या आधी दिवाळी बघा. पुण्यात ऑक्टोबरमध्ये चांगलंच ऊन असतं, टँकचं पाणी मस्त असतं, तेव्हा तुमचं सगळं व्यवस्थित चालू असतं. मग दिवाळी येते, फराळ, पाहुणे, भाऊबीज, गावी जाऊन येणं, यात आठ-दहा दिवस सहज जातात, आणि परत येऊन बॅग भरायला घेता तोवर हवा बदललेली असते. म्हणजे खाडा पाडला दिवाळीने, थंडीने फक्त तो लांबवायला कारण दिलं. हेच गणपतीतही होतं, पण तेव्हा परत येताना पाणी उबदार असतं म्हणून माणूस सहज परततो. तेव्हा पहिली गोष्ट ही की दिवाळीच्या आठवड्यात पूर्ण बंद ठेवू नका, पुण्यात असाल तर दोनदा तरी जाऊन या, नुसती वीस मिनिटं का होईना, टँकला सुट्टी असेल तर उघडल्याच्या पहिल्या दिवशी जा. हवा बदलत असताना तुम्ही पाण्यात असलात तर बदल कळतसुद्धा नाही, रोज थोडं थोडं गार होत जातं आणि अंग त्याला सरावतं. दोन-तीन आठवड्यांनी एकदम उतरलात की मग ते बर्फ वाटतं.

दुसरी गोष्ट वेळेची. मे अखेरीला पुण्यात सूर्य सहाच्या आतबाहेर उगवतो, जानेवारीत सात वाजून गेल्यावर. म्हणजे तुमची सहाची बॅच मे महिन्यात उजेडात असते आणि जानेवारीत पूर्ण अंधारात, घड्याळात वेळ तीच दिसते पण शरीराच्या दृष्टीने तुम्ही तासभर आधी उठताय. त्यात उघड्या टँकचं पाणी दिवसभर उन्हाने तापतं आणि रात्री निवतं, पुण्याच्या हिवाळ्यात हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र असल्यामुळे रात्रभर बाष्पीभवन होऊन आणखीच उष्णता जाते, म्हणून पहाटेचं पाणी चोवीस तासांतलं सगळ्यात गार पाणी. हवेपेक्षा पाणी अंगातली उष्णता साधारण २५ पट वेगाने ओढून घेतं, त्यामुळे दोन-चार अंशांचा फरकसुद्धा पाण्यात चांगलाच जाणवतो. दुपारी चार-पाचला तोच टँक वेगळा लागतो. मग नोव्हेंबर ते फेब्रुवारी सहाचीच बॅच का धरून बसायचं? काउंटरवर विचारा, बॅच बदलून मिळते का ते बघा. हिंजवडीहून संध्याकाळी वेळेत पोचणं हा वेगळाच विषय आहे हे मला कळतं, तेव्हा शनिवार-रविवार दुपार आणि मधे एक घरून कामाचा दिवस असेल तो, असे आठवड्याला तीन दिवस धरा. हिवाळ्यात तीन दिवस पुरतात. मोठ्या माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम करावा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, पन्नास मिनिटांचे तीन दिवस म्हणजे झालंच की.

आणि एक दिवस बुडला की सगळं गेलं असं जे तुम्हाला वाटतं ना ते मनातून काढून टाका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये २००९ साली सवयींवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यात ९६ लोकांनी रोजची एक नवी सवय लावून घेतली, ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ तर कुणाच्या बाबतीत अंदाज थेट २५४ दिवसांचा. आणि मधे एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडे लोक व्रतासारखा व्यायाम धरतात आणि एकदा मोडलं की मोडलं म्हणून सोडून देतात. एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत तुमची सवय चांगली पक्की झालेली असते, ती एका गजराने जात नाही, त्यानंतरच्या पंधरा दिवसांत तुम्ही बॅग पुन्हा भरत नाही म्हणून जाते.

पण मला तुम्हाला मुख्य सांगायचंय ते वेगळंच आहे. तुम्ही एप्रिलमध्ये पाण्यात उतरता कारण उकडतं. ते कारण डिसेंबरमध्ये उरत नाही, मग मन म्हणतं आता कशाला जायचं, आणि त्या मनाचं काही चुकत नाही. प्रत्येक ऋतूला पोहण्याचं कारण नवं लागतं. उन्हाळ्यात गारवा हे कारण पुरेसं आहे, तेव्हा अंतर वाढवा. पावसाळ्यात टँक रिकामा असतो, कोचला वेळ असतो, तेव्हा स्ट्रोक सुधारून घ्या, श्वास एकाच बाजूला घेत असाल तर दोन्ही बाजूंना शिका, किकबोर्ड, म्हणजे हातात धरायची तरंगती फळी, घेऊन पाय मारा. ऑक्टोबरमध्ये न थांबता एक किलोमीटर, २५ मीटरच्या टँकमध्ये काठापासून काठापर्यंत ४० वेळा, एवढं एक ध्येय ठेवा. आणि हिवाळ्यात उलट लांब पोहूच नका, छोटं आणि जोरात पोहा, ५० मीटर जोरात, पंधरा-वीस सेकंद थांबायचं, परत ५० मीटर, असं आठ-दहा वेळा. यात अंग गार पडायला वेळच मिळत नाही, पंचवीस मिनिटांत काम होतं, कारण जोरातली पंचवीस मिनिटं मध्यम दमाच्या पन्नास मिनिटांच्या जागी चालतात, आणि फेब्रुवारीत बघा तुमचा वेग किती वाढलेला असेल. हिवाळा हा वेग वाढवायचा सीझन आहे असं एकदा डोक्यात बसलं की मग त्याची वाट बघाल.

जमलं तर सोबत शोधा. कुठल्याही जुन्या टँकवर, टिळक टँक घ्या नाहीतर तुमच्या जवळचा, बारमाही येणारी काही मंडळी असतातच, बहुतेक साठीच्या पुढची. त्यांच्याशी ओळख करून घ्या. परवा दिसला नाहीत असं कुणीतरी विचारणारं असलं की माणूस जातो.

प्रश्न: वय ६७, सदाशिव पेठ. तरुणपणी विहिरीत पोहायला शिकलो, डबा बांधून. आता गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी चालण्यापेक्षा पोहा असं सांगितलं, ते मला फार मानवलंही. बीपीची गोळी चालू आहे. थंडीत मुलगा जाऊ देत नाही, म्हणतो आजारी पडाल. गेल्या वर्षी तीन महिने घरी बसलो आणि गुडघे पुन्हा आखडले. मी जावं की नाही?

उत्तर: काका, तुमचा मुलगा काळजीने म्हणतोय आणि त्यात तथ्यही आहे, पण उपाय तीन महिने घरी बसणं हा नाही. आधी बीपीचं बोलू. गार पाणी एकदम अंगावर आलं की कातडीतून मेंदूला असा झटका पोचतो की माणूस नकळत मोठा श्वास ओढतो, श्वास भराभर होतो, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब दोन्ही वाढतात. हे पहिल्या एक-दोन मिनिटांत सगळ्यात जास्त असतं, मग उतरतं. निरोगी तरुण माणसाचं यात बहुतेक वेळा हुडहुडीवर भागतं, तुमच्या वयात बीपी असताना हे मिनिट जपायचं असतं. म्हणून तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "हिवाळ्यात उघड्या टँकमध्ये उतरू का?" नुसतं पोहू का असं विचारू नका, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे मे महिन्याचा टँक असेल. त्यांनी हो म्हटलं तर सूर मारायचा नाही, मुटका तर नाहीच. काठावर पाच मिनिटं खांदे, हात फिरवून अंग तापवायचं, मग शिडीवरून हळूहळू, आधी पाय, मग मान आणि तोंडावर पाणी मारायचं, तोंडाने लांब श्वास सोडत राहायचं, आणि श्वास शांत झाल्यावरच पोहायला सुरुवात करायची. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा दात वाजायला लागून थांबेचनात तर लगेच बाहेर.

बाहेर आल्यानंतरची पाच मिनिटंही तितकीच महत्त्वाची. पाण्यातून निघाल्यावरही शरीराचं आतलं तापमान थोडा वेळ उतरतच असतं, त्यात हिवाळ्याच्या सकाळी हवा पाण्याहूनही गार असते, म्हणूनच पाण्यावर वाफ दिसते. म्हणून ओल्या अंगाने गप्पा मारत उभं राहायचं नाही, टॉवेल काठावरच ठेवायचा, आधी डोकं आणि वरचं अंग पुसून कोरडा स्वेटर, कानटोपी, मग बाकीचं. घरून थर्मासमध्ये चहा न्या. आणि काका, शक्य असेल तर सकाळ सोडाच, तुम्हाला ऑफिस नाही, दुपारची बॅच घ्या, तीन-चारच्या उन्हात हा सगळा त्रास निम्म्याने कमी होईल. बंदिस्त आणि गरम पाण्याचा टँक जवळपास परवडणारा मिळाला तर फक्त दोन महिने तिकडे जा.

गुडघ्यांसाठी पाणी एवढं का मानवतं ते मुलालाही सांगा. छातीपर्यंतच्या पाण्यात उभं राहिलं तर पायांवर शरीराच्या वजनाचा जेमतेम एक तृतीयांश भार येतो. म्हणून ज्या दिवशी पोहायचा उत्साह नसेल त्या दिवशी नुसतं उथळ भागात पाण्यात चाला, तेही चालतं. फक्त ब्रेस्टस्ट्रोक जपून, त्यात गुडघा बाहेरच्या बाजूला फिरून ताणला जातो, दुखऱ्या गुडघ्याला फ्रीस्टाईल आणि बॅकस्ट्रोक बरे. आपल्या पुण्यातले मुरलीकांत पेटकर तुम्हाला माहीत असतीलच. सैन्यात बॉक्सिंग करायचे, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून पाय निकामी झाले, मग उपचार म्हणून पोहायला लागले, आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाईल ३७.३३ सेकंदांत पोहून भारताला पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम एखाद्याला कुठवर नेऊ शकतो याचं इतकं जवळचं उदाहरण दुसरं नाही.

प्रश्न: माझी मुलगी दहा वर्षांची आहे, उन्हाळ्याच्या कॅम्पमध्ये पोहायला शिकली आणि आता तिला सोडायचंच नाहीये. जूनपासून आठवड्याला तीन दिवस नेतेय. पण घरी रोज वाद, सासूबाई म्हणतात पावसात पोहून सर्दी होणार, कान फुटणार, डोळे येणार. खरंच पावसाळ्यात बंद करू का? (धनकवडी)

उत्तर: नका हो बंद करू. कॅम्पमध्ये पंधरा-वीस दिवसांत मूल पाण्यावर तरंगायला आणि काठ गाठायला शिकतं, पोहायला शिकणं त्याच्या पुढे सुरू होतं, आणि नेमके तेव्हाच बहुतेक आईवडील जूनमध्ये शाळा सुरू झाली म्हणून थांबवतात. पुढच्या मेमध्ये पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही चालू ठेवलंय हे फार चांगलं केलंय.

सर्दीचं म्हणाल तर सर्दी विषाणूने होते, भिजल्याने नाही. पावसाळ्यात ती वाढते कारण मुलं बंद वर्गात, बंद रिक्षेत एकमेकांना चिकटून बसलेली असतात. पण सासूबाईंचं सगळंच खोटं नाही. डोळ्यांची साथ खरीच येते, जुलै २०२३ मध्ये आळंदीपासून सुरू होऊन पुण्यात केवढी मोठी साथ आली होती ते आठवत असेल. अशी साथ असेल तेव्हा पंधरा दिवस सरळ थांबा, आणि एरवीही गॉगल आणि टॉवेल कुणाचा वापरायचा नाही, कुणाला द्यायचा नाही.

तुम्ही स्वतः एक गोष्ट बघायला शिका, ती म्हणजे पाणी. पावसाने टँकचं पाणी पातळ होतं, क्लोरीन कमी पडतं, वाऱ्याने माती-पानं येतात, शेवाळ धरतं. खोल बाजूला काठावर उभं राहून तळाच्या रेषा स्पष्ट दिसतात का बघा. दिसत नसतील तर त्या दिवशी मुलीला उतरवू नका, मग पैसे भरलेले असोत. कारण नुसतं आजारपणाचं नाही, गढूळ पाण्यात एखादं मूल खाली गेलं तर जीवरक्षकालाही दिसत नाही. क्लोरीन आणि पीएच (पाणी किती आम्लधर्मी आहे ते सांगणारा आकडा) यांची नोंद टँकवर रोज ठेवतात, ती बिनधास्त विचारा, पीएच ७.२ ते ७.८ च्या मधे आणि क्लोरीन एक ते तीन पीपीएम, म्हणजे लिटरला एक ते तीन मिलिग्रॅम, असावं. आणि नाकात झोंबणारा वास आला म्हणजे भरपूर क्लोरीन घातलंय, स्वच्छ आहे, असं समजू नका. तो वास क्लोरीन घामाशी आणि लघवीशी मिसळून जे बनतं त्याचा असतो. म्हणून आधी शॉवर घ्या हा नियम असतो, तो तिला आत्ताच लावून द्या.

कानासाठी बाहेर आल्यावर डोकं एकेका बाजूला तिरकं करून पाणी निथळू द्यायचं, टॉवेलच्या टोकाने बाहेरचा भाग पुसायचा, कापसाची काडी आत घालायची नाही. आणि कान फुटलेला म्हणजे पडद्याला भोक असेल किंवा कानातून पाणी येत असेल तर कानाच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पाण्यात नाही, इथे सासूबाईंचं शंभर टक्के बरोबर. जुलाब होत असतील, ताप असेल तरीही नाही.

नुसता पाऊस पडतोय म्हणून थांबायचं कारण नाही, मुलांना तर पावसात पोहण्यासारखं सुख नाही. पण आभाळ गडगडलं की त्या क्षणी बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत उतरायचं नाही. आपल्याकडे विजांचा धोका भर जुलैपेक्षा मे महिन्यातल्या वळवाच्या संध्याकाळी आणि परतीच्या पावसात जास्त असतो, तेव्हा हा नियम कॅम्पमध्येही लागू. आणि एक अगदी साधी गोष्ट, तिला दुसरा कॉश्च्यूम आणि दुसरा टॉवेल घेऊन द्या. पावसाळ्यात घरात कपडे वाळत नाहीत, ओलसर कॉश्च्यूम पुन्हा घातला की खाज, नायटा सुरू होतो, आणि कितीतरी मुलांचं पोहणं फक्त एवढ्यावरून सुटतं.

प्रश्न: मी महिलांच्या बॅचला जाते, वर्षभर. एप्रिल-मेमध्ये इतकी गर्दी होते की हातही मारता येत नाही, तेव्हाच जावंसं वाटत नाही, सगळ्यांच्या उलट. शिवाय केसांची पार वाट लागलीय. काय करू? (औंध)

उत्तर: गर्दीचे दोन महिने अंतर मोजूच नका. कडेची रेघ धरा, जोडीला दोघीतिघी असाल तर उजवीकडून जायचं, उजवीकडूनच परत यायचं असं ठरवून घ्या, आणि खोल बाजूला उभ्याने तरंगायचा सराव करा, हात न वापरता नुसत्या पायांवर, त्याला जागा लागत नाही आणि दम भरपूर लागतो. नवीन आलेल्या एखादीला श्वास सोडायला शिकवा, उन्हाळ्यात आलेल्या बायकांपैकी कुणी पावसाळ्यात टिकल्या तर त्या अशाच ओळखीमुळे टिकतात. आणि तुमची बॅच दुपारची असेल तर हिवाळ्यात तुमच्याकडे सगळ्यात उबदार पाणी आहे हे लक्षात ठेवा, ते सोडू नका.

केसांसाठी कॅप घालायच्या आधी साध्या पाण्याने केस पूर्ण भिजवा, आधीच ओले असलेले केस टँकचं पाणी कमी पितात. बाहेर आल्यावर लगेच धुवा. खोबरेल तेल नंतर, आधी नाही, तेल लावून उतरलं की ते पाण्यावर तरंगतं, फिल्टरला त्रास होतो, म्हणून टँकवर मनाई असते. पाळीच्या दिवसांत कप किंवा टॅम्पॉन वापरून पोहायला काही हरकत नसते, दुखत नसेल तर उगाच महिन्याचे चार दिवस वजा करू नका.

प्रश्न: ताई, मी २० वर्षांचा आहे, सिंहगड रोडला राहतो, इंजिनिअरिंगला आहे. आमचा टँक पावसाळ्यात रिपेअरिंगला बंद आहे आणि दुसरे परवडत नाहीत. प्रॅक्टिस तुटू नये म्हणून आम्ही मित्र खडकवासल्याला पोहायला जायचं म्हणतोय, सगळ्यांना चांगलं येतं. रोहन मोरे पुण्याचेच ना, मलाही कधीतरी ओपन वॉटर, म्हणजे समुद्रासारख्या मोकळ्या पाण्यात पोहणं, करायचंय. तिकडे प्रॅक्टिस केली तर चालेल ना?

उत्तर: नाही, चालणार नाही. तू विचारलंस हे फार बरं केलंस, पण याचं उत्तर नाहीच आहे, आणि तुझ्या मित्रांनाही वाचून दाखव.

तुम्हाला चांगलं पोहता येतं याबद्दल मला शंका नाही. पण टँकमध्ये तुला दर २५ मीटरवर काठ मिळतो, खाली रेघ दिसते, तळ सपाट असतो, दम लागला तर हात लांब केला की धरायला काहीतरी असतं, आणि वर जीवरक्षक बसलेला असतो. धरणात यातलं एकही नसतं. काठाजवळ गुडघाभर वाटणारं पाणी पुढच्या पावलाला डोक्यावर जातं, गाळात पाय रुततो, आणि मागे वळून पाहिलं की काठ वाटला होता त्याच्या दुप्पट लांब गेलेला असतो. पावसाळ्यात तर पानशेत, वरसगाव, टेमघरचं पाणी खडकवासल्यात येत असतं आणि तिथून मुठेत सोडलं जातं, भिडे पूल पाण्याखाली जातो ते तू दरवर्षी बघतोसच, त्या पाण्याला ओढ किती असेल याचा विचार कर. तिथे बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात आणि त्यात पोहता येणारी मुलंही असतात. बऱ्याचदा एकाला वाचवायला दुसरा उडी मारतो आणि दोघंही जातात. कधी कुणी बुडताना दिसलं तर पाण्यात न उतरता दोरी, ओढणी, लांब काठी, रिकामी बंद बाटली किंवा कॅन फेकायचा आणि ११२ ला फोन करायचा, हे तुमच्यापैकी प्रत्येकाला माहीत पाहिजे. शिवाय ते शहराचं पिण्याचं पाणी आहे, पोहायची जागा नाही.

रोहन मोरेंचं म्हणशील तर हो, ते पुण्याचेच. इंग्लिश खाडीपासून न्यूझीलंडच्या कुक सामुद्रधुनीपर्यंत ओशन्स सेव्हन म्हणून ज्या सात सामुद्रधुनी मानतात त्या सगळ्या पोहून पार करणारे ते पहिले आशियाई, २०१८ साली त्यांनी ते पूर्ण केलं. पण अशा प्रत्येक पोहण्यात शेजारून बोट चालत असते, बोटीवर खाणंपिणं देणारी माणसं असतात, निरीक्षक असतो, हवामान बघून दिवस ठरवलेला असतो, आणि त्याच्या मागे टँकमधली कित्येक वर्षं असतात. तुला ओपन वॉटर करायचंय ना, मग मला त्याचा खरंच आनंद आहे, पण सुरुवात तुझ्या कोचला सांगून कर. महाराष्ट्रात समुद्रातल्या पोहण्याच्या स्पर्धा होतात, त्यात सुरक्षेच्या बोटी असतात, त्यातली एखादी छोट्या अंतराची निवड आणि तिच्यासाठी तयारी कर. टँकमध्ये न थांबता दोन-तीन किलोमीटर आरामात जायला लागलास की त्या गोष्टी बोलू.

आता राहिला टँक बंद असण्याचा हा काळ. महापालिकेच्या टँकचे दर क्लबांपेक्षा बरेच कमी असतात, तेव्हा आधी जवळच्या दोन-तीन ठिकाणी चौकशी कर, आणि पूर्ण महिन्याचा पास झेपत नसेल तर एका दिवसाचं तिकीट मिळतं का ते विचार, आठवड्यातून एकदा जरी गेलास तरी पाण्याची जाण टिकते. पोहण्याचा दम दोन-तीन आठवड्यांत उतरायला लागतो पण स्ट्रोक अंगातून जात नाही, त्यामुळे घाबरण्यासारखं काही नाही. बाकी दिवस दमासाठी पर्वती चढ, १०३ पायऱ्या आहेत, पाऊस नसताना तीन-चार वेळा वर-खाली केलंस तर पोहण्याइतकाच दम लागतो, ओल्या दगडावर पाय घसरतो म्हणून पाऊस असेल तर घरीच जोर-बैठका. खांद्यांसाठी एक रबराचा बँड घे, दाराच्या कडीला अडकवून कंबरेत वाकून फ्रीस्टाईलचा हात ओढायचा, वीस वेळा, थोडं थांबून परत, असं पंधरा मिनिटं. घोट्यांना ताण दे, वज्रासनात बसलास तरी चालेल, पाय मारताना पंजा सरळ राहायला त्याचा उपयोग होतो. आणि टँक परत उघडला की पहिला आठवडा तुझ्या नेहमीच्या अंतराच्या निम्मंच पोह, खांदे जपून, दुसऱ्या आठवड्यात पाऊण, तिसऱ्यात पूर्ण.